लिफ्टची आवक-जावक

आमच्या इमारतीच्या लिफ्टला वाचा फोडण्याचं काम मी अंगावर घेतलं, त्याला मी जबाबदार नाही. सभेत शांतता पसरली होती आणि मला शांतता सहन होत नाही, एवढाच माझा दोष.

झालं असं, की चौथ्या मजल्यावरच्या गायनबाईंची नजर गेल्या वर्षभरात फार कमी झाली. बाईंनी चाळीस वर्षं गाणं शिकवलं, त्यांच्या कानाबद्दल बोलायची कुणाची छाती नाही. पण लिफ्टमधले मजल्याचे मिणमिणते आकडे त्यांना दिसेनात. मजले मोजत त्या उतरायच्या. एके दिवशी मध्ये कुणीतरी चढलं, मोजणी चुकली, आणि बाई दुसऱ्याच मजल्यावर उतरून एका नवख्या जोडप्याच्या कुलपात किल्ली घालून दहा मिनिटं झटत बसल्या. दार आतून उघडलं, तेव्हा त्यांनीच त्या जोडप्याला विचारलं, "तुम्ही माझ्या घरात काय करताय?"

जोडपं सभ्य होतं. हसलं नाही. पण बाईंना जे कळायचं ते कळलं. त्या दिवसापासून त्या खाली उतरल्याच नाहीत. आठ महिने. विचारलं की म्हणायच्या, "बाहेर काय ठेवलंय?"

सभेत हा विषय निघाला. आमचे सचिव, ज्यांना सगळे ठरावकाका म्हणतात, त्यांनी विचारलं, "यावर कुणाची सूचना?" सगळे आपापल्या नखांकडे बघू लागले. आणि मी म्हणालो, "लिफ्ट मजले बोलून दाखवेल असं करू या की. सोपं असतं ते."

"कोण करणार?"

"मी."

 घरी येऊन दार लावल्यावर बायको म्हणाली, "अहो, आपल्या घरातली बेल कधीपासून बंद आहे?"

मी सरकारी कचेरीत आवक-जावक विभागात आहे. बावीस वर्षं. आलेलं पत्र आवक नोंदवहीत, गेलेलं पत्र जावक नोंदवहीत. लोकांना वाटतं यात काय अक्कल लागते. ज्यांना तसं वाटतं त्यांनी एकदा चुकून जावक क्रमांक आवक वहीत टाकून बघावा. शिवाय कचेरीने मला तीन दिवसांच्या संगणक प्रशिक्षणाला पाठवलं होतं आणि त्यातल्या दोन दिवसांना मी हजर होतो. म्हणजे अगदीच अडाणी नव्हतो.

आधी परवानगी. ठरावकाका म्हणाले, लिफ्टला हात लावायचा तर लिफ्ट तपासनीसांच्या कार्यालयाचं पत्र लागतं. गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझा अर्ज दोनदा वाचला.

"फॉर्म सतरा नवीन लिफ्ट बसवायला. फॉर्म अठरा जुनी काढायला. बोलती करायला फॉर्म नाही."

"मग?"

"लिफ्टमध्ये नक्की कोण बोलणार? यंत्र की माणूस?"

"यंत्र. पण आवाज माझा."

"म्हणजे माणूस." त्यांचा चेहरा उजळला. "माणसांना लिफ्टमध्ये बोलायला परवानगी लागत नाही."

"तसं लिहून द्या ना."

त्यांनी दिलं. शिक्का, सही, जावक क्रमांक, सगळं रीतसर: 'अर्जदारास लिफ्टमध्ये बोलण्यास या कार्यालयाची हरकत नाही.' ठरावकाकांनी ते पत्र फाइलला लावलं आणि प्रकल्पाला मंजुरी मिळाली.

आता यंत्र. बाजारातला रेडिओ दुरुस्तीवाला म्हणाला, "साहेब, नवं कशाला घेताय? माझ्याकडे एक बोलका डबा पडलाय. एका बंद पडलेल्या दवाखान्यातला. रुग्णांना सूचना द्यायचा. आकडा पाठवला की त्या आकड्याची सूचना बोलतो. पहिल्या पाच जागा पुसून देतो, त्यात तुमचे मजले भरा."

"बाकीच्या सूचना?"

"राहू देत. तुम्ही तो आकडा पाठवलाच नाही तर तो कशाला बोलेल?"

या वाक्यात मला काहीच खोट दिसली नाही. सूचनांची टाइप केलेली यादीही त्याने दिली. घरी येऊन पाच मजले मी स्वतःच्या आवाजात भरले. 'पहिला मजला' सतरा वेळा म्हणालो, कारण सोळा वेळा तो बायकोच्या मते दटावल्यासारखा वाटत होता.

रविवारी सकाळी लिफ्टचा मेकॅनिक आला. त्याने लिफ्टमधल्या बटणांमागचं झाकण उघडलं आणि आत एका हिरव्या पाटीवर बसलेली काळी, नखाएवढी चिप दाखवली. "हिला मजला कळतो. मजला आला की ही त्याचा आकडा तारेवरून पाठवते. आठ खुणा, एकामागून एक, एकाच तारेतून. रांगेने. पुढे तुमच्या डब्यात तशीच एक चिप आहे, ती खुणा गोळा करते आणि आकडा ओळखते. तीन तारा जोडायच्या. एक पाठवायची, एक घ्यायची, एक जमिनीची. मला पलीकडच्या इमारतीत जायचंय, जोडाल ना?"

पाठवायची आणि घ्यायची! मला हसूच आलं. म्हणजे जावक आणि आवक. बावीस वर्षं मी दुसरं काय करतोय? मेकॅनिकला मी अक्षरशः दाराबाहेर काढला. लिफ्टची जावक तार डब्याच्या जावकला जोडली, आवक आवकला. नावाला नाव जुळलं, मन भरून आलं. जमिनीची तार मी सोडून दिली. लिफ्ट हवेत असते. तिचा जमिनीशी काय संबंध?

लिफ्ट पाचव्यापर्यंत नेली, खाली आणली, पुन्हा नेली. डबा गप्प. त्याच्यावर थाप मारली. गप्प. बायको पोळपाट पुसत लिफ्टच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने तारांकडे बघितलं.

"अहो, तुमच्या ऑफिसातलं जावक पत्र दुसऱ्या ऑफिसात गेलं की ते कुठल्या वहीत नोंदवतात?"

"आवक वहीत. अगं, हे शेंबडं पोरही सांगे..." आणि मी थांबलो.

"मग इथे दोघांचं तोंड तोंडाला बांधलंय आणि कान कानाला. दोघं बोलणार तरी कसे?"

बावीस वर्षांच्या सेवेनंतर आवक-जावक मला घरातून समजावून घ्यावं लागलं, ही गोष्ट मी कचेरीत कुणाला सांगितलेली नाही. तारा उलट केल्या.

त्यानंतर जे झालं ते ऐकायला अख्खी इमारत जिन्यात जमली. लिफ्ट जागची हललीही नव्हती आणि आतून एक गोड बाई बोलू लागली, "कृपया बाटलीला झाकण लावून द्या. दार ओढून घ्या. आपले नातेवाईक बाहेर थांबतील. जीभ बाहेर काढा. पुढचे. पुढचे. जीभ आत घ्या. पुढचे." एक वाक्य पुरं होण्याआधी दुसरं. पहिल्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, "झपाटलंय." दुसऱ्या मजल्यावरचे जावई म्हणाले, "पंखा लावा, गरम झाला असेल." कुणीतरी कांदा ठेवायला सांगितला. कशासाठी ते सांगितलं नाही, पण ठामपणे सांगितलं. त्यामुळे दोघंजण कांदा आणायला गेलेसुद्धा.

मेकॅनिकला पलीकडच्या इमारतीतून ओढून आणला. त्याने एकदाच बघितलं. "जमिनीची तार?"

"लिफ्ट हवेत..."

"साहेब, ही पायाखालची जमीन नव्हे. तारेतला विजेचा दाब कमी की जास्त हे ठरवायला दोघांना एकच पाया लागतो. तुम्ही गच्चीवरून मोजताय, तो तळघरातून. मग काहीही ऐकू येणार."

तिसरी तार जोडताच डबा एकदम गप्प झाला. तळमजल्यावर लिफ्ट उभी होती, डब्यातून हूं नाही की चूं नाही. बडबड थांबली याचाच मला इतका आनंद झाला की वर जाऊन बघायचं राहून गेलं. मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "संध्याकाळी पाच वाजता उद्घाटन!"

पाचला सगळे तळमजल्यावर हजर. आठ महिन्यांत पहिल्यांदा गायनबाई खाली आल्या होत्या. बायकोने त्यांना हात धरून जिन्याने आणलं. पांढरी इस्त्रीची साडी, केसांना तेल. माझ्याकडे अंदाजाने बघत त्या म्हणाल्या, "माझ्यासाठी एवढं केलंत?" मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या क्षणापुरता मी फार मोठा माणूस होतो.

लिफ्टमध्ये बाई, ठरावकाका, बायको आणि मी. दार बंद झालं. पहिला मजला आला. डब्यातली गोड बाई म्हणाली, "कृपया रांगेत उभे राहा."

ठरावकाका नियम मोडणारा माणूस नव्हे. ते लगेच माझ्यामागे उभे राहिले.

दुसरा मजला. "डॉक्टर आज येणार नाहीत."

"कुठले डॉक्टर?" गायनबाईंनी विचारलं.

तिसरा मजला. दार उघडलं. तिथे आमचे तारमास्तर उद्घाटनात सामील व्हायला कोट घालून उभे होते. तारखात्यातून निवृत्त, वय वर्षं एक्याऐंशी. त्यांच्याकडे तोंड करून गोड बाई म्हणाली, "आपला नंबर आला आहे."

मास्तर दोन पावलं मागे सरकले. "मी पुढच्या फेरीला येतो," ते म्हणाले.

चौथा. "श्वास रोखून धरा." ठरावकाकांनी धरला. आता दवाखान्यात असं सांगितलं की पाठोपाठ 'सोडा' असंही सांगतात. पण 'सोडा' ही वेगळी सूचना होती, आणि ती काही आली नाही. काका लाल झाले, मग जांभळे. शेवटी बायकोने त्यांच्या पाठीत धपाटा घातला तेव्हा श्वास मोकळा झाला.

पाचवा. "उपाशीपोटी यावे."

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. दार उघडलं तर समोर माझे साडू आणि मेहुणी. आज त्यांना जेवायला बोलावलं होतं हे मी साफ विसरलो होतो. साडू जिन्याने चढून आले होते, घामाघूम. ते म्हणाले, "आलोय उपाशीपोटीच. आता वाढणार आहात की रक्त काढणार?"

साडू दहा वर्षं अशा संधीची वाट बघत होते. मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. माझं सगळं लक्ष गायनबाईंकडे होतं. त्या आधी खुदकन हसल्या, मग पोट धरून हसल्या. आणि हसू ओसरल्यावर अगदी साधेपणाने विचारलं, "मजा आली. पण मी उतरायचं कुठे?"

ठरावकाकांनी श्वास सापडताच ठराव मांडला: यंत्र तीन दिवसांत सुधारावे, नाहीतर काढून टाकावे. एकमताने मंजूर. माझाही हात वर होता, असं नंतर कळलं.

पुढचे दोन दिवस मला सल्ले मिळाले. कचेरीतल्या शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी दिले. एक म्हणाला डबा उन्हात ठेवा. एक म्हणाला लिफ्टच बदला. साडूंनी दिवसातून दोनदा फोन करून आपण उपाशी आहोत असं कळवलं. इमारतीतली माणसं मात्र हळूहळू रुळली. पहिल्या मजल्यावर लोक खरोखरच रांगेत उतरू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजीबाईंनी डॉक्टर येणार नाहीत म्हणून गोळ्या घ्यायच्या बंद केल्या, तेव्हा त्यांच्या सुनेने मला जिन्यात गाठून जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही. चौथ्यावर गायनबाई घरात बसून लिफ्ट ऐकत. मी एकदा त्यांच्या दारावरून जात होतो तर आतून आवाज आला, "अहो, रोखायला काय सांगता! सोडायचा कसा ते शिकवा! गाणं सोडण्यात असतं!"

त्या पुन्हा खाली आल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मी डबा काढायला पेचकस घेऊन निघालो. खरं सांगतो, लाज माझ्या फजितीची नव्हती. त्या इस्त्रीच्या साडीची होती.

तिसऱ्या मजल्यावर तारमास्तरांनी लिफ्ट अडवली. "आत या," ते म्हणाले. "ती यादी आणा. डब्याबरोबर मिळालेली."

मी यादी घेऊन आलो तेव्हा त्यांच्या टेबलावर वही, पेन्सिल आणि चष्म्याची दोन घरं. मास्तर म्हणाले, "पहिल्यांदा माझा नंबर आला असं ऐकलं, तेव्हा मी घाबरलो. रात्री नीट जेवलोही नाही. दुसऱ्यांदाही घाबरलो. सहाव्यांदा मात्र संशय आला. मरण इतकं नियमित नसतं."

"म्हणजे?"

"म्हणजे हा डबा वेडा नाही. वेडा असता तर दरवेळी वेगळं बोलला असता, त्या दिवशीच्या बडबडीसारखं. हा पहिल्यावर नेहमी रांगच म्हणतो, तिसऱ्यावर नेहमी माझा नंबरच काढतो. जो दरवेळी तीच चूक करतो, त्याला ऐकू येत असतं. फक्त वेग जुळत नाही. यादीत रांग कितवी?"

मी बघितलं. "सहावी."

"डॉक्टर येणार नाहीत?"

"चोविसावी."

"माझा नंबर?"

"तिसावी."

मास्तरांनी वहीत तीन आकडे लिहिले आणि त्यांचे डोळे असे चमकले की एक्याऐंशीतले साठ गळून पडले. "एकचे सहा. दोनचे चोवीस. तीनचे तीस. एक आणि दोन तीन. मग सहा आणि चोवीस किती?"

"तीस!"

"बरोबर बसतंय!" त्यांनी पेन्सिलीने टेबलावर टक् केलं. "हे बघा. मी तारेवर माझ्या वेगाने खूण पाठवतो. पलीकडचा माझ्या दुप्पट घाईत ऐकतोय. मी एक खूण धरून ठेवतो, तोवर तो दोनदा कान लावतो आणि दोनदा लिहून घेतो. खुणा त्याच, पण वाचताना आकडा भलताच. आमच्याकडे एक नवा आला होता, असाच घाईचा. 'पोचलो' अशी तार आली की तो काहीतरी भयंकरच लिहून काढायचा. घरची माणसं रडत यायची. लिफ्ट संथ आहे, डबा उतावळा आहे. तुमच्या डब्याला वेग बदलायची कळ असणार. शोधा!"

एक्याऐंशीचे मास्तर माझ्यापुढे धावत लिफ्टमध्ये शिरले. डबा उलटा केला. पाठीवर धुळीखाली मुंगीएवढी कळ, तिच्या एका बाजूला शहाण्णव लिहिलेलं, दुसऱ्या बाजूला अठ्ठेचाळीस. निम्मा वेग! पेचकस आत जाईना, बोट तर नाहीच. मी खालून पाचव्यापर्यंत हाक मारली, "अगं, केसातला आकडा टाक!" बायकोने जिन्यातून टाकला. तो तळमजल्यावर पडला. दुसरा टाकला, तो मास्तरांनी झेलला. कळ सरकली. टिक्.

आम्ही दोघं खाली गेलो. बटण दाबलं. मास्तरांनी माझा हात धरला होता. लिफ्ट निघाली, आणि माझाच आवाज, थोडा दटावल्यासारखा, म्हणाला, "पहिला मजला."

"आला!" मास्तर ओरडले.

"दुसरा मजला."

"आला!"

"तिसरा मजला, अहो दूध उतू जातंय!"

रेकॉर्डिंगच्या वेळी बायको आतून ओरडली होती, तेही डब्याने जपून ठेवलं होतं. मास्तर हसता हसता लिफ्टमध्ये खाली बसले. ती ओळ मी पुसली नाही. मास्तरांनीच पुसू दिली नाही. "नंबरापेक्षा दूध बरं," ते म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गायनबाईंच्या दारावर टकटक केली. या वेळी उद्घाटन नाही, काका नाहीत, साडू नाहीत. बाई उंबऱ्यात आल्या. मग म्हणाल्या, "तुम्ही नका येऊ. मी एकटी जाते." काठी घेतली, लिफ्टमध्ये शिरल्या, दार लावून घेतलं. लिफ्ट खाली गेली. वर आली. "चौथा मजला." दार उघडलंच नाही. पुन्हा खाली. पुन्हा वर. तीन फेऱ्या झाल्या. चौथ्यांदा लिफ्ट खाली गेली ती वर आलीच नाही.

मी खाली धावलो. लिफ्ट रिकामी. फाटक उघडं.

अर्ध्या तासाने ठरावकाका मजलावार शोध घेत होते. तासाने पहिल्या मजल्यावरच्या वहिनी रडत होत्या. दीड तासाने आजीबाईंच्या सुनेने मला पुन्हा गाठलं. मी कोपऱ्यापर्यंत चार वेळा जाऊन आलो, औषधाच्या दुकानात विचारलं, चांभाराला विचारलं, तो म्हणाला आत्ताच इथून गेल्या, पण कुठल्या दिशेला ते त्याने बघितलं नव्हतं. मी फाटकात येऊन बसलो. आठ महिने बाई घरात सुखरूप होत्या. मी आणि माझ्या त्या नखाएवढ्या चिपने त्यांना रस्त्यावर आणून सोडलं होतं.

दोन तासांनी बाई आल्या. काठी टेकत, सावकाश, उन्हाने गाल लाल झालेले. पायांत नव्या चपला. काखेत कलिंगड.

"इतके सगळे दारात?" त्या थबकल्या. "लिफ्ट बंद पडली का?"

ठरावकाकांनी चष्मा काढला आणि पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

"नाही, बाई," मी म्हणालो. "चालू आहे."

"मग बाजूला व्हा. जड आहे हे." मी कलिंगड घ्यायला हात पुढे केला, तर त्यांनी ते दुसऱ्या काखेत घेतलं. आत शिरल्या, दार ओढलं. आम्ही तळमजल्यावर माना वर करून ऐकत राहिलो. लिफ्टच्या बोगद्यातून माझा आवाज लहान होत गेला. पहिला. दुसरा. तिसरा, आणि दूध. चौथा. मग दार सरकल्याचा आवाज, काठीची ठकठक, आणि वरून बाईंनी दिलेली खणखणीत हाक, पट्टीत:

"पोचले हो!"

लिफ्ट वर उभी होती. खाली आणायला बटण दाबावं, असं कुणाच्याच मनात आलं नाही. आम्ही सगळे जिन्याने वर गेलो. तारमास्तरांना वाटेत दोन ठिकाणी बसवावं लागलं, पण लिफ्ट बोलवा असं तेही म्हणाले नाहीत.